शेवटी दूध कोणी उतरवलं?

यंदाच्या नऊ फेब्रुवारीला, रविवारी सायंकाळी पाच वाजता, माझ्या व्याह्यांच्या मीरा रोडच्या घरी एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट टीव्हीवर सुरू झाला. त्या घटनेचे गांभीर्य कळण्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, जगातल्या यच्चयावत मूळ वस्तूंची राखण आपल्या एकट्यावर सोपवलेली आहे, अशा समजुतीने जगणारा त्यांच्यासारखा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही. तयार पिठाची इडली त्यांच्या ताटात पडली की ते ती बोटाने लांब सारतात आणि माझ्या मुलीला, म्हणजे आपल्या सुनेला, शांतपणे सांगतात, "सूनबाई, हा रीमेक आहे." गणपतीत जुन्या गाण्याला ढोलकीऐवजी कसलेसे यंत्र जोडलेले ऐकून ते मंडपात शिरले आणि ध्वनिक्षेपकाची वायर उपटून घरी घेऊन आले. मंडळाची पोरे मागोमाग आली, तेव्हा यांनी आधी सगळ्यांना चहा पाजला, मग वायर दिली आणि अखेरीस व्याख्यान दिले. पोरांनी चहा आणि वायर तेवढी घेतली.

परंतु हा सर्व किरकोळ संताप. त्यांचा खरा, जपून ठेवलेला संताप एकाच चित्रपटासाठी होता. नवऱ्याच्या संशयाला विटून एक सून घर सोडते, अशी त्याची साधी कथा. तिचा पुढे हिंदीत चित्रपट झाला; त्यात सून बर्फात गाणी म्हणत होती. मग दक्षिणेत झाला. तिथे सासऱ्याने चौदा गुंडांना लोळवले. आणि आता त्या दक्षिणेतल्यावरून पुन्हा मराठीत झाला होता, आणि त्यात सासर थेट लंडनला होते. व्याह्यांना बर्फ, गुंड आणि लंडन यांचे दुःख नव्हते. त्यांचे दुःख दुधाचे होते.

"अहो व्याही, नीट ऐका," असे म्हणून दर रविवारी ते मला समोर बसवत. मला चित्रपटांत गोडी नाही. मी भाईंदरहून मुलीला भेटायला जातो आणि चहा घेऊन परततो. तरीही तो शेवटचा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे, की पडद्यावर पाहण्याची गरज उरली नव्हती. व्याही बाजाराची पिशवी हातात घेऊन दारापर्यंत चालत जात आणि तिथे थांबत. "का थांबली? कुणी हाक मारली? नाही. नवरा आडवा आला? छे! अहो, चुलीवर दूध आहे! मागे फिरते. पदराने पातेलं उतरवते, वर जाळी ठेवते, आणि मग जाते. ह्याला म्हणतात घर सोडणं!" पदराच्या जागी ते सदऱ्याचे टोक वापरत. मग पिशवी आपटून विचारत, "आणि ह्या तिन्ही नालायकांनी काय केलं? धाडकन दार लावलं! दूध उतू चाललंय आणि ही निघाली! कुठली बाई अशी निघते, सांगा!"

नवा मराठी चित्रपट लागला, तेव्हा जावयाने सर्वांना मॉलमधल्या चित्रपटगृहात नेले. मला नको असताना नेले. शेवटी सुनेने लंडनमधले दार धाडकन लावले आणि माझ्या शेजारी व्याही उभे राहिले.

"आणि दूध?"

मागून एकजण म्हणाला, "अंकल, बैठो ना यार."

"बैठू कैसे? गॅस चालू है!" व्याही ओरडले.

पुढच्या रांगेतल्या एका गुजराती बाईंनी तेवढेच ऐकले आणि त्या "गॅस! गॅस!" करीत मुलांना घेऊन पळत सुटल्या. त्यांच्यामागे दोन रांगा रिकाम्या झाल्या. बॅटरी घेऊन धावत आलेल्या कर्मचाऱ्याने नाक वर करून हुंगले आणि विचारले, "काका, कुठे येतोय वास?" व्याह्यांनी पडद्याकडे बोट केले. त्यानंतर आम्हाला बाहेर नेण्यात आले. आयुष्यात मला कोणी कुठून बाहेर काढलेले नव्हते.

पुढे कोणीतरी त्यांना सांगितले की भाईंदरजवळच्या पालीला समुद्रावर चित्रीकरण चालते. हे बसने निघाले आणि जो पहिला दिग्दर्शक दिसला त्याला दुधाबद्दल विचारले. तो बिचारा साबणाची जाहिरात करीत होता. वाटेत मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळणीने हकिकत ऐकून घेतली आणि ती म्हणाली, "दादा, हितं मावरं हाय, दूध न्हाय. घरी जा." तिच्याविरुद्ध मात्र त्यांची तक्रार नव्हती. "ती बाई ओरिजिनल होती," असे ते मला म्हणाले.

तर त्या रविवारी जावयाला मूळ चित्रपट इंटरनेटवर सापडला होता. कोणी भल्या माणसाने संपूर्ण, स्वच्छ करून ठेवला होता. व्याह्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मुलीने चहासाठी दूध ठेवले आणि शेवट आला म्हणून तीही बाहेर येऊन बसली. पडद्यावर सून उंबरठ्याशी आली. पिशवी हातात होती. व्याह्यांनी माझा गुडघा दाबला.

ती थांबली नाही. सरळ निघून गेली. दार लोटायचीसुद्धा तसदी तिने घेतली नाही. 'समाप्त' अशी पाटी आली.

"पुन्हा लाव," व्याही म्हणाले. जावयाने पुन्हा लावले. ती पुन्हा निघून गेली.

"बाबा," जावई म्हणाला, "तुम्ही कुठल्या थिएटरला बघितलेला हा?"

"मी कशाला बघतोय? मला कारखान्यातून सुट्टी कुठे मिळायची? तुझ्या आईने पाहिलेला. लग्नाआधी, त्यांच्या गावच्या जत्रेत, तंबूत." ते टीव्हीकडेच पाहत होते. "पाळीवरून आलो की मला वाढता वाढता सांगायची. सगळा. रोज सांग म्हटलं, तर रोज सांगायची."

विहीणबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांना मी फारसे बोलताना ऐकलेले नाही. मुलीने पदर डोळ्यांना लावला. जावयाला आपण काय करून बसलो ते कळले असावे, कारण तो रिमोट उलटासुलटा करीत राहिला.

"बाबा, पण ओरिजिनल हाच आहे."

"हा?" व्याही उसळले. "ह्यात दूध कुठेय? हासुद्धा रीमेकच! काळापांढरा केला म्हणून काय मूळ होतो? काय व्याही, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोणाचे मन राखण्यासाठी मत देण्याची मला सवय नाही. मी विचार केला.

"दूध हवं होतं," मी म्हणालो.

व्याह्यांनी मान हलवली. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या त्याच टोकाने पुसत बसले. बराच वेळ पुसला.

स्वयंपाकघरातून दूध वर आल्याचा वास आला. कोणी हलेना, म्हणून मी उठलो आणि गॅस बंद केला. बाहेरून व्याह्यांचा आवाज आला, "बघ! बघ, माणूस मागे फिरतो की नाही!"

सांडशी सापडली नाही. सदऱ्याच्या टोकाने पातेले उतरवले आणि वर जाळी ठेवली.