खडकापर्यंत जाणारा मासा

टोलेफसनांच्या घरात आंघोळीच्या टबवर पहिला हक्क लाकडी माशांचा होता, आर्लिसचा दुसरा. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे, ऑगी, तळघरात बसून, तळ्यातल्या मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी आमिषाचे लाकडी मासे कोरायचे. त्यांच्यामागे तिचा नवरा व्हर्लिन कोरू लागला, आणि व्हर्लिनची कंबर गेल्यावर आर्लिस. रंग वाळला की मासा टबात सोडायचा, सरळ राहतो की कुशीवर कलतो ते बघायचं आणि पाणी फुकट जाऊ नये म्हणून मग आपण त्यात बसायचं. बसण्याआधी गळ काढून ठेवायचे, एवढंच पथ्य.

यंदा ऑक्टोबर सरत आला होता. ॲरिझोनात तिच्या बहिणीच्या, लव्हॉनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन थँक्सगिव्हिंगच्या आधी व्हायचं होतं. आर्लिसला तिच्याकडे जायचं होतं, तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत. गुडघा हे निमित्त होतं, हे दोघी बहिणी जाणून होत्या. एक हिवाळा तरी विस्कॉन्सिनच्या त्या तळघराबाहेर काढायचा, एवढीच तिची इच्छा होती.

"जा की," व्हर्लिन म्हणाला. "मी कुठे अडवलंय तुला? ऑगी खोल जायला लागला की खुशाल जा."

माशालाही ते सासऱ्यांचंच नाव लावत. उन्हाळ्यात पाणवनस्पतींवरून ऑगी असा काही डुलत जायचा की मस्की त्याच्यावर तुटून पडायची. पण थंडी पडली की मस्की उतरते खाली, खडकांत. ऑगी ओढला की हातभर खाली जायचा आणि सोडला की परत वर. गिऱ्हाइकं पुढे लांब प्लास्टिकची जीभ असलेली, तिच्यामुळे खोल जाणारी दुकानातली आमिषं घेऊ लागली होती.

"मग आपणही जीभ लावू ना," आर्लिसने एकदा म्हणून पाहिलं.

"जीभ बाहेर काढलेला मासा? माझा बाप काय कुत्री कोरायचा?"

म्हणून तिने पोटाला भोक पाडून शिसं भरलं. मधोमध भरलं तर मासा विटेसारखा तळाशी गेला. "हा पोहत नाहीये बाई, हा जीव देतोय," व्हर्लिन म्हणाला. मग तिने भोक गळ्याकडे सरकवलं. आता टबात मासा नाक किंचित खाली करून पाण्याच्या मधोमध थांबला. ना वर, ना खाली. आर्लिसने माळ्यावरची सुटकेस खाली काढली.

तो मासा तिने रॉलीला दिला. रॉली गिऱ्हाइकांना नावेतून मासेमारीला न्यायचा. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि बूट न काढताच म्हणाला, "आर्लिस, हा वर येतो गं. ओढला की जातो, सोडला की बुचासारखा टुणकन वर. खडकाचं तोंडसुद्धा नाही बघितलं त्याने."

"टबात तर येत नाही."

"मग टबात मस्की सोड," व्हर्लिन खुर्चीतून म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिने पुन्हा भोक पाडलं, पुन्हा भरलं, पुन्हा रंगवलं. टबात शहाण्यासारखा वागणारा मासा तळ्यात उंडगाच राहिला. लव्हॉनचा फोन आला. "येतेयस ना नक्की? नाहीतर शेजारणीला विचारावं लागेल. ती बेडपॅन देताना बायबल वाचते."

"येते. एवढा मासा झाला की आलेच."

"तुझा नवरा आणि त्याचा मासा! खड्ड्यात घाल दोघांना."

"तेच तर जमत नाहीये," आर्लिस म्हणाली.

तळं गोठण्याआधी लाकडी धक्का काढून किनाऱ्यावर ओढून ठेवावा लागतो. त्या कामाला रॉली आला होता. ती वाकली तसा खिशातला मासा पाण्यात पडला आणि पाठ उघडी टाकून तरंगू लागला. सकाळीच टबात मधोमध थांबलेला तो मासा. उचलायला तिने पाण्यात हात घातला, आणि गारठा कोपरापर्यंत चढला. हात तसाच ठेवून ती बघत राहिली. तिची बोटं दुखायची म्हणून टबात ती नेहमी कोमट पाणी घ्यायची. कोमट पाणी हलकं, हे जड. हे पाणी माशाला वर उचलत होतं.

"काय गं, गोठलीस का?" रॉली ओरडला.

तिने तळ्याच्या पाण्याची बादली भरून मागच्या पडवीत ठेवली. गळाच्या दांडीला शिशाची तार गुंडाळत गेली. बोटं लाल झाली, मग पांढरी. अखेर बादलीतही मासा मधोमध थांबला. आता दोन ओढींमध्ये तो वर यायचा नाही. दर ओढीला आणखी खाली जायचा.

शुक्रवारी बारमध्ये, तळलेल्या माशाच्या ताटांवरून, रॉलीच्या फोनमधली मस्की सगळ्यांनी पाहिली. खडकावरून काढलेली, रॉलीच्या छातीएवढी. तिच्या जबड्यात ऑगी.

"कोरणं बापाचंच," व्हर्लिन सांगत होता. "मी शिसं तेवढं इकडचं तिकडे केलं."

आर्लिसने कोबीचं सॅलड संपवलं. तिची सुटकेस भरून तयार होती. तो काय म्हणतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मग एकेक जण व्हर्लिनच्या स्टुलाजवळ येऊ लागला. मलाही हवा, माझ्या मेव्हण्यालाही हवा. व्हर्लिन प्रत्येकाला हो म्हणत होता. इतकं खुललेलं तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तू शब्द दिला होतास," गाडीत ती म्हणाली.

"दिला होता, तेव्हा तो खोल जात नव्हता. आता कुठे जायला लागलाय, आणि आताच तू निघालीस?" मग हळू आवाजात, "मला ड्रिलवर वाकवत नाही गं. तुला माहीत आहे ते."

ते खरं होतं. त्याने थाप मारली असती तर तिला बरं पडलं असतं.

पुढल्या आठवड्यात ती तळघरातून वर आली तर सुटकेस जागेवर नव्हती. तिचे उन्हाळी कपडे पलंगावर नीट घडी करून ठेवलेले होते.

"रॉलीला दिली," व्हर्लिन म्हणाला. "मिलवॉकीच्या दुकानदारांना दाखवायला मासे नेतोय. काय छान बसले गं त्यात! गळ अस्तरात अडकले, म्हणजे हलायचे नाहीत."

संध्याकाळी लव्हॉनने विचारलं, "कधी निघतेयस?"

"बॅग निघाली," आर्लिस म्हणाली. "तू शेजारणीला सांगून ठेव."

फोन ठेवून ती पडवीत गेली. बादलीवर पातळ बर्फ धरला होता. हातोडीच्या दांड्याने तो फोडून तिने पुढचा मासा आत सोडला.