गार चुलीची ऊब

बापूभावजी गेल्याचा निरोप घेऊन आलेला माणूस पाणी प्यायला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "मागं बरंच ठेवलं असेल नाही?" ...माझ्या धाकट्या दिराची अशी कीर्ती! सोलापुरात कुणी तोंडावर बोललं नाही, पण संशय घेतला सगळ्यांनीच.

दुष्काळात कचेरीतून खैराती शिधा वाटायचे. तो दर चुलीमागे, म्हणजे घरात जितक्या चुली तितके वाटे. चुली मोजून धान्याचा अंदाज बांधला होता भावजींनी, ते तिथं कारकून. आणि धान्य अर्ध्यातच संपलं! मग काय, कारकुनानंच खाल्लं म्हणायला लोक मोकळे. मामलेदारसाहेब स्वतः भावजींना घेऊन वैरागकडच्या एका वाडीवर चौकशीला निघाले. माझं माहेर तिकडचंच, म्हणून मीही गाडीत बसले.

बघते तर एकेका घरात चार-चार चुली, तीन दगडांच्या. साहेबांनी एका म्हातारीला विचारलं, "एवढ्या चुली कशाला गं?"

"सुना लई भांडत्यात सायेब. येगळं निघालो की आमी!"

आणि त्या भांडखोर सुना मागं एकमेकींच्या उवा काढत बसलेल्या! मला हसू आवरेना. पण खरं सांगू का, घरात तोंडं चार असोत की चौदा, चुलीला शिधा तेवढाच. मग माणसं दुसरं काय करतील?

साहेब भावजींना म्हणाले, "चुली खोट्या असतील तर तुमचा अंदाज खरा. पण मग ह्यांचा शिधा बंद. बघा राखेला हात लावून, गार असेल ती चूल खोटी." स्वतःचा हात त्यांना काळा करायचा नव्हता.

भावजींनी राखेत हात घातला. म्हातारी त्यांच्याकडं बघतच राहिली...

"ऊब आहे साहेब. मोजताना मीच चुकलो."

त्यांच्या पाठोपाठ मी हात घातला. राख गारढोण.

'मीच चुकलो' एवढेच शब्द गावात पोचले. लोकांनी त्याचा अर्थ लावला, चोरी कबूल केली. भावजी जन्मभर कारकूनच राहिले. पण तेव्हापासून एक खोड लागली, कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीपाशी जाऊन राखेला हात लावायचा. आमच्याकडं तर रोज. मग तोच हात भिंतीला टेकून उठायचं. मी ओरडायचे, "अहो भावजी, भिंत!" ते नुसते हसायचे.

परवा स्वयंपाकघर पोतेऱ्यानं सारवलं. चुलीजवळचे ते काळे ठसे तेवढे राहू दिले. शेजारच्या काकू पीठ मागायला आल्या, भिंतीकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि दाराकडं नजर टाकून कुजबुजल्या,

"तिथं काही पुरलंय का हो?"