पत्र्याची फणी

देवधर्म मी जेमतेम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाते. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं... तरी हे एक काही मला सुटलेलं नाही.

माझे यजमान लढाईत विमानदलात होते. ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत पडले. सोबत ठाकुर्लीचा गणपत. त्याने पडलेल्या विमानाच्या पत्र्यातून बायकोसाठी फणी कापली – दात न् दात हाताने घासून. गणपत कैदेतच गेला, फणी यांच्यापाशी राहिली. सरकारी कागदावर मात्र नुसता ‘बेपत्ता’.

गणपतच्या बायकोसमोर, काशीबाईसमोर, जायचा यांना धीर होईना. म्हणाले, "तू बाईमाणूस, तूच सांग. आणि ही फणी दे."

सत्तेचाळीसच्या संक्रांतीला मी ठाकुर्लीला गेले. बघते तर काशीबाई कपाळभर कुंकू लावून बसलेली! मला हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. "यंदा येतीलच बघा," म्हणाली. तिळगूळ तोंडात टाकून मी नुसती मान डोलावली. फणी पिशवीतच घेऊन परत आले आणि घरी ठोकून दिलं – सांगितलं, दिली!

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. फणी माझ्या डब्यात पडून होती. एकदा घाईत वापरली... मग रोजच, यांच्या नकळत. चांगली होती हो! लिहितानाही लाज वाटते.

चार वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, सकाळी विंचरताना फणीचा एक दात मोडला. घरात मी एकटीच होते. दुपारी दार वाजलं. काशीबाई. कपाळ मोकळं.

"फणी द्या, ताई."

"तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"ते आलेले सकाळी. सगलं सांगितलं. म्हणाले, फणी ठाण्याला ताईंच्या डब्यात हाय. आजच दात मोडलाय तिचा. पण ताईंना काय बोलू नको."

मला रडू फुटलं. "चार वर्षांत आधी कधी नाही आले?"

"रोज यायचे म्हणे. दारातनंच मागं फिरायचे. माझं कुंकू बघून त्यांनाबी सांगवायचं नाय... तुमच्यासारखंच."

हे शपथेवर सांगतात, आपण ठाकुर्लीला कधी गेलोच नाही. मोडलेल्या दाताचं तर यांनाही ठाऊक नव्हतं. मग तिला कोणी सांगितलं? मला आजही माहीत नाही.

फणी पदरात गुंडाळून ती निघून गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.