वाढत्या अंगाचा

अर्जुनी मोरगावात बसस्टँडजवळ आमचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. आहे म्हणायचं ते या दिवाळीपर्यंतच. मग तिथं मोबाइलवाला बसणार. मी थकलो, एवढंच कारण आहे. घोर होता तो फक्त बाबांना कसं सांगावं याचा.

दुकान त्यांनीच सुरू केलं. तेव्हा गावात सगळे शिंप्याकडे जायचे, जीन्स-टीशर्ट गोंदियाहून आणावे लागत. बाबांनी ते इथं आणले आणि आमचं दुकान एकदम फॅशनवालं झालं. पण त्यांची रीत न्यारी. पोराच्या अंगावर नेमका बसणारा कपडा ते द्यायचेच नाहीत. आईबापही एक नंबर मोठाच मागायचे, 'वाढत्या अंगाचा'. यंदा पँट खालून दुमडायची, पुढल्या वर्षी सोडायची आणि मग धाकट्याला द्यायची. धान निघालं की अख्खा तालुका आमच्याकडचे ढगळ कपडे घेऊन घरी जायचा. शाळेत पोरं मला 'ढिलावाला' म्हणत, आणि माझीही पँट दुमडलेलीच असल्यामुळे भांडायची सोय नव्हती.

गल्ल्यावर बसलो तेव्हा मी आधी हे नाव पुसायला घेतलं. नवा बोर्ड, मोठा आरसा, काचेत पुतळे, आणि सगळा माल अंगाला चिकटणारा. काही वर्षं कॉलेजच्या पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं. ती श्वास रोखून बटणं लावत आणि बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघत असत. पुढे सगळ्यांच्या हाती फोन आले आणि आमचं दुकान म्हाताऱ्यांचं ठरलं. आता लोक येतात, घालून बघतात, नंबर लक्षात ठेवतात आणि फोनवरून मागवतात. वर पंख्याखाली बसून पाणीही मागतात.

यंदा कॉलेजातली एक मुलगी आली. म्हणाली, "भैया, ओव्हरसाइज है क्या? एकदम ढीला चाहिए." मला हसू आलं आणि संतापही आला. माळ्यावरून बाबांच्या वेळचा एक टीशर्ट काढला, झटकून दिला. तिनं तो घातला, आरशात फोटो काढला, छान आहे म्हणाली आणि तिथंच टाकून गेली. त्याच संध्याकाळी मी मोबाइलवाल्याला हो म्हटलं.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, ठीक आहे, माझ्यासाठी एक शर्ट मात्र ठेव. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात नेलं. त्यांनी स्वतःच बेचाळीस नंबर काढला, जन्मभर घातला तोच. ते किती आटलेत हे रोज घरात बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आरशात शर्टाचे खांदे दंडावर उतरले होते, बाह्यांतून फक्त बोटं दिसत होती. मी अडतीसचा पुढे केला.

"कायले बदलवतं?" बाही दुमडत ते म्हणाले. "राहू दे. वाढत्या अंगाचा आहे."

दुसरी बाही त्यांना दुमडता येईना. ती मी दुमडून दिली.