पंचाहत्तर मीटर

माप घ्यायचं म्हटलं की आबा आधी चपला काढत. त्या एकमेकींवर आपटून धूळ झटकत, बांधाच्या कडेला जोडीनं ठेवत आणि मग अनवाणी पाऊल जमिनीवर टेकवून जरा वेळ गप्प उभे राहत. नवख्याला वाटावं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "चपलंतलं पाऊल चपलंचं असतं. आपलं न्हाई."

मोजणी खात्यात त्यांनी तीस वर्षं साखळी ओढली. साहेब सावलीत टेबल मांडून नकाशावर रेघ मारायचे आणि साखळीचं दुसरं टोक घेऊन काट्याकुट्यातून जायचे ते आबा. साखळी जाऊन फीत आली, फीत जाऊन यंत्र आलं, आबा निवृत्त झाले. त्यांचं पाऊल मात्र अडीच फुटांचं होतं ते अडीच फुटांचंच राहिलं. चढावर, चिखलात, वयाच्या सत्तरीत.

मी कोण, तेही सांगून टाकतो. भोरला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. आधी वारसनोंदी, रेशनकार्डं असली किडूकमिडूक कामं करायचो. मग हायवेला हॉटेलं वाढली तसा परमिट रूम आणि बिअर बारच्या लायसन्सच्या फायलींत शिरलो. नाकं मुरडू नका. ज्यांनी मुरडली, त्यातल्या निम्म्यांच्या मेव्हण्यांच्या फायली मीच केल्यात. माझी फाइल साहेबांच्या टेबलावरून परत येत नाही, असं तालुक्यात बोललं जातं, आणि मी ते खोडून काढत नाही.

जमिनीच्या भानगडीत मला आबा लागायचे. एकदा वेल्ह्याकडं दोन सख्ख्या भावांचा बांधावरून तंटा होता. मोजणीचं यंत्र आलं, पण डोंगराच्या पोटात त्याला रेंजच सापडेना. भाऊ कोयते घेऊन समोरासमोर. आबा दोघांच्या मधून शांतपणे पुढं झाले आणि म्हणाले, "चालून बगू." हे त्यांचं नेहमीचं. कोणी कितीही आरडाओरडा करो, ते वाद घालत नसत, चालायला लागत. भाताच्या खाचरातून गुडघाभर चिखलात ते मोजत गेले आणि एका ठिकाणी काठी रोवली. पंधरा दिवसांनी यंत्रानं माप दिलं ते काठीपासून वीतभर अंतरावर. तो धाकटा भाऊ अजून भेटला की त्या वितीचीच गोष्ट सांगतो.

पण मी खरा गार झालो तो गुंजवणीच्या धरणावर. ज्यांची शिवारं पाण्यात गेली त्यातली एक बाई आबांना शोधत आली होती. तिला पाण्याकडं बघून आपल्या बुडालेल्या घराला नमस्कार करायचा होता, पण नेमकं कुठं बघायचं ते तिला उमगत नव्हतं. आबांनी त्या गावची मोजणी केलेली. ते काठावर उभे राहिले, डोंगराची एक सोंड बघितली, दुसरी बघितली, आणि बोट दाखवून म्हणाले, "हितनं सरळ तीनशे पावलं आत. थितं तुजं चुलवण." बाईनं हात जोडले. मी बाजूला जाऊन उगाच मोबाईल बघत बसलो.

तर हे आबा शिवऱ्याच्या पुढं, हायवेपासून आत गेलेल्या रस्त्यावर राहत. मुलगा हायवेवरच्या अपघातात गेला होता. घरात सून आणि नात. रस्तारुंदीत जमीन गेली तिच्या भरपाईतून घराशेजारी एक मोठा गाळा बांधलेला, तो दोन वर्षं रिकामाच पडून. सून शिवणकाम करायची, नात बारावी झालेली. पोरीला पुण्याला नर्सिंगला घालायचं होतं. गाळा चांगल्या भाड्यानं गेला तर पोरगी जाणार, नाहीतर घरी बसणार. एवढं साधं होतं ते.

आणि गाळ्याला गिऱ्हाईक मीच आणलं. हायवेवर एका शेठचा बार होता. साधा नव्हे, वरच्या मजल्यावर फिरणारे रंगीत दिवे, शनिवार-रविवार डीजे. पुण्याहून पोरंपोरी गाड्या भरभरून नाचायला येत. उड्डाणपुलाच्या कामात त्याची पुढची जागा चालली. लायसन्स होतं, जागा नव्हती. त्याला जागाबदल करून हवा होता, आणि आबांचा गाळा मला पसंत पडला. सुनेला विचारलं, तिनं आधी नातीकडं बघितलं आणि मग हो म्हणाली. ग्रामसभेचा ठराव झाला. कोणी चकार शब्द काढला नाही.

अडचण एकच, शाळेची. गाळ्याच्या मागच्या अंगाला जिल्हा परिषदेची शाळा. नियम असा, की शाळेच्या फाटकापासून बारच्या दारापर्यंत पंचाहत्तर मीटर पाहिजेत, आणि पायी चालणारा माणूस एरवी जवळच्या ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं ते मोजायचे. रस्त्यानं वळसा घालून मोठ्या फाटकापर्यंत चौऱ्याऐंशी भरत होते. मी खूश. पण गाळ्याच्या कडेनं, आबांच्याच बांधावरून, एक पायवाट शाळेच्या मागच्या फाटकाला जात होती. वाडीवरची सगळी पोरं तिनंच जायची. ती मोजली तर फाइल मेली.

पण बांध आबांचा होता. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, नकाशात रेघ नाही. मी सुनेला म्हटलं, दोन बाभळीच्या फांद्या टाका, वाट बंद, काम झालं. सून आबांशी बोलली. आबा दिवसभर बांधावरून येरझाऱ्या घालत होते म्हणे. पण संध्याकाळी त्यांनी आपल्या हातानं फांद्या तोडून आणल्या आणि वाटेच्या तोंडाशी रचल्या. हे मी मुद्दाम सांगतोय. आबा कोणी साधुसंत नव्हते. जत्रेला दोन घोट घेत, आणि नातीवर त्यांचा फार जीव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद वाटेचा फोटो काढायला मी गेलो. आबा बांधावर बसलेले. तेवढ्यात पोरं आली. काट्यांशी थबकली. कोणी तक्रार केली नाही, कोणी रडलं नाही. लहान पोरांना मोठ्यांचं असं काही ना काही रोज बघायची सवय असते. ती मुकाट वळली आणि रस्त्यानं निघाली. तिथं वळणावर खडीचे डंपर येतात, पोरं भिंतीला चिकटून एकेक करत पुढं सरकत होती. एक दुसरीतली पोरगी तेवढी मागं राहिली. तिनं आबांना विचारलं, "आबा, वाट कुठं गेली?"

 ज्या माणसानं पाण्याखालची चूल दाखवली, त्याला आपल्या दारातली वाट सांगता येईना. पोरगी थोडी थांबली आणि रस्त्यानं गेली. आबा उठले आणि फांद्या ओढायला लागले. हाताला काटे लागत होते, तिकडं लक्ष नव्हतं.

मी धावलो. म्हटलं, आबा, आठ दिवस राहू द्या, साहेब येऊन माप घेऊन जाऊ देत, मग काढा, कोण विचारतंय? ते थांबले नाहीत. म्हणाले, "तीस वर्सं म्या लोकास्नी सांगत आलो, वहिवाट आडवू नका. लोकांनी ऐकलं माजं. आता मला कोन सांगनार?"

मला राग आला होता, कशाला खोटं बोलू? पण म्हटलं, असू दे. काटे नसले तरी साहेबांना ती वाट दाखवतंय कोण?

साहेब आले. दारूबंदी खात्याचे, तरुण, सरळ वाटणारे. शेठ होते, सरपंच होते, सून दारात उभी, नात खिडकीत. रस्त्यानं फीत धरली. चौऱ्याऐंशी मीटर. साहेब पंचनामा लिहायला बसले. मी पेनाचं टोपण काढून दिलं. सगळं मनासारखं चाललेलं, आणि मला आवाज आला, चपला एकमेकींवर आपटल्याचा.

"साहेब," आबा म्हणाले, "आनखी येक वाट हाय."

मी लगेच मधे पडलो. तो खासगी बांध आहे, सातबाऱ्याला नोंद नाही, मालकानं उद्या कुंपण घातलं तर वाटच राहत नाही, हे सगळं एका दमात बोललो. आणि सांगतो, कायद्यानं माझं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. साहेबही विचारात पडले. त्यांनी आबांना विचारलं, "जागा कोणाची?"

"माजीच."

"आणि बांध?"

"त्यो बी माजाच."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, बाबा, या वाटेनं माणसं एरवी जातात का, एवढंच सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही लिहितो.

अहो, नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. आबांनी दाराकडं बघितलं. सून त्यांच्याकडंच बघत होती. मी त्या क्षणी आबांचा चेहरा पाहिला आहे. ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसाचा असतो तसा होता. ते म्हणाले, "रोज जात्यात. पोरं जात्यात." आणि चालायला लागले. चौऱ्याहत्तर पावलं. मागच्या फाटकाला हात लावून ते वळले नाहीत, तिथूनच म्हणाले, छप्पन मीटर आन वर दीड ईत. साहेबांनी फीत लावली. छप्पन मीटर, चाळीस सेंटीमीटर. साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ती उन्हानं काढली की कशानं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

फाइल गेली. शेठनं दुसरीकडं जागा बघितली आणि दुसरा माणूसही. मी दोन दिवस आबांना शिव्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी एक वारसनोंद लिहिताना माझा हात मधेच थांबला. वाटलं, आपण आयुष्यभर साहेबांना काय दिसू नये एवढंच बघत आलो, आणि या म्हाताऱ्यानं स्वतःच्याच पोटावर पाय देऊन ते दाखवलं. एवढं मोठं माणूस आपल्या टेबलाशी बसून चहा पिऊन जायचं, आणि आपण त्याचं नुसतं पाऊल मोजत होतो.

सून सहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. नातीचं एक वर्ष गेलं. गाळ्यात पुढं खताचं दुकान आलं, अर्ध्या भाड्यानं. आबा पिशवी घेऊन पुन्हा कामाला निघाले. एसटीनं पालीला, वेल्ह्याला, कुठंकुठं. पंचाहत्तरीचा माणूस चार पैशांसाठी दुसऱ्यांचे बांध चालत होता, आणि पुढच्या वर्षी पोरगी पुण्याला गेली. मी विचारलं होतं, आबा, सूनबाई रागावली ते बरोबर नाही ना? म्हणाले, "बरूबर हाय. तिचंच गेलं. म्या काय तिला इचारलं व्हतं व्हय?"

गेल्या माघात आबा गेले. दुपारी जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत. दहाव्याला वेल्ह्याकडचे ते दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून आले होते.

महिन्याभरानं सून भोरला माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. गाळ्याचं काहीतरी असणार, असं मला वाटलं. खतवाला सोडून जाणार, एक हॉटेलवाला चौपट भाडं देतोय, परमिट रूम काढायची म्हणतोय, हे माझ्याही कानावर होतं. मी कोरा कागद ओढला. म्हटलं, बोला वहिनी, काय लिहू?

"बांधावरची वाट शाळेची म्हनून सातबाऱ्यात चढवायची हाय," ती म्हणाली. "कायमची."

मी पेन ठेवलं. म्हटलं, वहिनी, एकदा नोंद झाली की तुम्हाला ती कधीच बंद करता येणार नाही. गाळ्याला बार म्हणून कधी भाडं मिळणार नाही. आणि वाट तर तशीही चालूच आहे, कोण अडवतंय?

"म्या आडवीन," ती म्हणाली. "त्यो हॉटेलवाला आला त्या दिशी रातभर माज्या डोक्यात काटंच व्हते. आबा व्हते तवर काळजी नव्हती. आता माजाच मला भरवसा न्हाई. तुमी लिवा."

मी लिहिलं. तिनं सही केली, पदर सावरला आणि एसटी गाठायला गेली. मग मी अर्ज पुन्हा वाचला. वाटेचं वर्णन करताना सवयीनं माझ्या हातून एक शब्द पडला होता. 'तूर्त वहिवाटीत असलेली वाट', असं मी लिहून गेलो होतो. 'तूर्त' म्हणजे पुढंमागं कोणाला वाट बंद करायला उपयोगी पडावा असाच शब्द. तिच्या तो लक्षातही आला नसता.

मी तो खोडला नाही. खाडाखोडीचा अर्ज कचेरीत कोणी धरत नाही. नवा कागद घेतला, सगळा अर्ज पहिल्यापासून लिहिला, आणि सहीसाठी दुपारच्या एसटीनं तिच्या घरी गेलो.