वंदन आधी, काम शेवटी

मित्रहो, आज घडलेले तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही!

आमच्या शेजारची शिवलीला हैदराबादच्या औषध कारखान्यात तपासणीचे काम करीत असे. आजारी वडिलांसाठी, म्हणजे अप्पांसाठी, ती बीदरला परतली. येथे शहरालगतच्या कोळार औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली नाही, तर अप्पांना सोडून तिला पुन्हा हैदराबाद गाठावे लागेल. म्हणून तिने नोकरी शोधण्याच्या संकेतस्थळावर टाकायला स्वतःची ओळख करून देणारे निवेदन लिहिले आणि सकाळी मला दाखवले.

आपल्याकडे सभेत भाषण सुरू होते, तसेच ते होते. आधी मठाच्या स्वामीजींना वंदन, मग अप्पा, हुलसूरच्या शाळेतले गुरुजन, काका-काकू. संकेतस्थळाच्या पडद्यावर मात्र पूर्ण मजकूर उघडेपर्यंत पहिल्या दोनच ओळी दिसत होत्या!

"तुला काय येतं, ते कुठं हाय?" मी विचारले.

"खाली हाय की सर, शेवटी."

"तिथवर कोण वाचायलंय?"

"मग काढा सगळ्यांनाच!" असे म्हणून तिने रागाने "नोकरी पाहिजे" एवढेच ठेवले. आता ती कोण, हेच कळेना.

मग आम्ही तिचे काम, अनुभव आणि बीदरलाच राहण्याची इच्छा मोजक्या वाक्यांत मांडली आणि निवेदन संकेतस्थळावर टाकले. आतून तिची आई म्हणाली, "अप्पाचं नाव कामून काढलंस गं?"

दुपारी कोळारच्या एका कारखान्यातून फोन आला. उद्या मुलाखत!

नोकरी मिळाल्यावर टाकायचे आभाराचे निवेदन शिवलीलाने आत्ताच लिहून ठेवले आहे. स्वामीजींपासून काकूंपर्यंत सारे त्यात परतले आहेत. अप्पा ते मोठ्याने, शेवटपर्यंत वाचत होते. त्यातला एकही शब्द मी कापणार नाही.

तुमच्या निवेदनात तुमचे काम कितव्या ओळीत येते?