अक्काचे उपास

परभणीच्या सरकारी दवाखान्यात अक्काला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचा पलंग सिस्टरच्या टेबलालगत होता. अगदी अत्यवस्थ माणसालाच तिथं ठेवतात, हे मला नंतर कळलं. नाकात रबरी नळी, उशाशी ऑक्सिजनची टाकी, हातात सलाईनची सुई. डावा डोळा काचेचा, तो अर्धवट उघडा. थोरली बहीण जायला निघाली आहे आणि मी आपला टाकीवरचा काटा बघत उभा... रडू तेव्हा आलं नाही. महिना होत आला, अजूनही येत नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर वर्षभरातच तिच्या डाव्या डोळ्यापुढं काळं सावट यायला लागलं. आमच्या बोरी गावात सगळ्यांनी मिळून डोळ्यात गाईचं तूप घातलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, डोळ्यात कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल. अक्का म्हणाली, "काढा की! ह्यांचं ध्यान बघायला एक डोळा लय झाला." दाजी, म्हणजे तिचे यजमान, तिच्यापुढं हसले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडले.

निघताना डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेतलं. रोग अंगात कुठंतरी, बहुतेक लिव्हरमध्ये, दडून बसलेला असू शकतो. शरीराची स्वतःची ताकद त्याला दाबून धरते, पण कुठवर ते सांगता येत नाही. दाजींनी त्यातलं 'ताकद' तेवढं मनात धरलं. अक्का तर सोमवार, एकादशी, चतुर्थी काही सोडायची नाही, आणि तेही दाजींच्याच आयुष्यासाठी! समजावून समजावून ते थकले. शेवटी म्हणाले, "तू जेव. तुझे समदे उपास मी धरतो. देवाला काय, घरातलं एक माणूस उपाशी पायजे ना?"

"तुमी? न्याहारीला उशीर झाला तर घर डोक्यावर घेता की!"

पण धरले बुवा त्या माणसानं. ते भगर खायचे, अक्का समोर बसून भाकर खायची आणि वर विचारायची, "भूक लागली का हो?" अशी वर्षांमागून वर्षं गेली. रोग दबून राहिला तो शरीराच्या झुंजीनं असं डॉक्टर म्हणायचे. दाजी म्हणायचे, उपासानं. मी शिकलेला, म्हणून मला विचारायचे. मी म्हणायचो, "असंल."

यंदा लिव्हर वाढलं, कावीळ झाली आणि शुद्ध हरपली. त्या सोमवारी मी पलंगाशी उभा होतो तेव्हा दाजी सिस्टरला विचारत होते, "बाई, ह्या बाटलीत साखर हाय म्हणं. मंजी जेवल्यावानीच झालं ना हे?"

सिस्टरनं बाटलीकडं पाहिलं, मग दाजींकडं. "हो मामा, जेवल्यासारखंच."

दाजींना बरं वाटलं. ते बाकावर जाऊन बसले, सकाळपासून पोटात काही नसलेले. दुपारी अक्का गेली.

परवा बोरीला गेलो तर सोमवारच निघाला. सुनेनं ताटं वाढली आणि दाजींनी आपलं सरकवून दिलं. मला संताप आला. म्हणालो, "आता कुणासाठी, दाजी? ज्या कामासाठी धरला ते संपलं. सोडा आता."

त्यांनी ताट आणखी जरा लांब सारलं. मग म्हणाले, "मी सोडला अन् तिनं तिकडं धरला तर? लय हट्टी हाय ती."